देवाकडचं पारडं

नवरा-बायकोचं भांडण झालं नसतं, तर कुणाला काही कळलंच नसतं.

संध्याकाळी अण्णांची मिऱ्यांनी तुला व्हायची होती. आधी नव्या सभामंडपाचं उद्घाटन, मग व्यापारी मंडळाकडून सत्कार, आणि शेवटी देवळाच्या आवारातल्या मोठ्या तराजूत एका पारड्यात अण्णा, दुसऱ्यात त्यांच्याच दुकानातली मिरी. ती सगळी देवाला. आपल्याला मिरवायची हौस नाही, असं अण्णा येता-जाता सांगत. थोरल्या मुलाला मात्र ती होती, आणि मंडळाचं अध्यक्षपद लवकरच रिकामं होणार असल्यामुळे सध्या जरा जास्तच होती. ऐंशीच्या घरातले वडील भर सभेत पारड्यातून कलंडले तर शोभा व्हायची, म्हणून तो बायकोला घेऊन सकाळीच देवळात तालीम करायला गेला. दुकानातल्या यंत्रावर सारख्या वजनाची दोन पोती भरून नेली होती. एक अण्णांच्या जागी, एक मिऱ्यांचं. एक त्याने भरलं होतं, दुसरं तिने.

अण्णांच्या जागचं पोतं देवाकडच्या पारड्यात चढवलं, मिऱ्यांचं रस्त्याकडच्या. देवाकडचं पारडं वर गेलं.

"तुम्ही कमी भरलंय," थोरली सून म्हणाली.

थोरल्याला ते लागलं. मिसरूड फुटायच्या आधीपासून तो तराजूपाशी उभा राहिलेला, आणि बायकोने त्याला वजन शिकवावं, तेही देवासमोर! कमी नाही, तूच जास्त भरलंस, पोतं भरताना बहिणीशी फोनवर बोलत होतीस ते मी बघितलंय, असं त्याने सुनावलं. तिनेही मग हट्टाने सांगितलं की पोती बदलून बघू, एकदाचा निकाल लागू दे. दोघांनी धापा टाकत, एकमेकांवर करवादत पोती ओढली आणि इकडचं तिकडे केलं.

देवाकडचं पारडं पुन्हा वर गेलं.

सून आधी हसली. आता कुणाचं कमी आणि कुणाचं जास्त, असं विचारायला तिने तोंड उघडलं आणि नवऱ्याचा चेहरा बघून मिटलं. थोरला तराजूकडे बघतच नव्हता. गाभाऱ्यातून पुजारीबुवा बाहेर आले की काय, ते बघत होता.

तो तराजू अण्णांनीच दिलेला. टेकडीवरच्या देवळाला पायऱ्या, नदीकाठच्या देवळाला कळस, या देवळाला विहीर आणि ओवऱ्या, असं त्यांनी पुष्कळ दिलं होतं. पण पेठेने डोक्यावर घेतलं ते तराजूला. वजनावरून तंटा झाला की माल देवळात आणायचा, देवासमोर तोलायचा आणि काटा दाखवेल ते निमूट मान्य करायचं. वकील नको, फी नको. अण्णांनी नियम एकच घालून दिला होता: माल नेहमी देवाकडच्या पारड्यात, वजनं नेहमी रस्त्याकडच्या. माल देवाच्या नजरेखाली राहावा, सतरा हातांतून फिरलेलं लोखंड देवाकडे जाऊ नये, एवढाच त्यातला भाव. चुकून कुणी वजन तिकडे ठेवू लागला तर चार जण धावून त्याचा हात धरत. त्यामुळे दोन्हीकडे सारखंच काही ठेवून बघायची वेळ आजपर्यंत आलीच नव्हती.

"फरशी," थोरला पुटपुटला.

आवारात फरशी घातली तेव्हा तराजू उतरवला होता. ती फरशीही अण्णांचीच देणगी. दांडीचं मधलं भोक झिजलंय म्हणून लोहाराने ते बुजवलं आणि बोटभर सरकून नवं पाडलं. मग रिकामा तराजू कलायला लागला, तेव्हा एका पारड्याखाली शिशाचा तुकडा चिकटवून दांडी सरळ केली. सगळे खूश. थोरला तेव्हा कॉलेजात होता आणि तो तुकडा त्यानेच हातात धरून ठेवला होता. दांडीचा देवाकडचा हात आखूड झालाय आणि रिकामा तराजू सरळ दिसला तरी भरलेला सरळ राहणार नाही, हे ना लोहाराच्या ध्यानात आलं, ना त्याच्या.

"म्हणजे तेव्हापासून देवाकडे ठेवलेला माल कमीच भरतोय," सून म्हणाली. मग तिचा आवाज उतरला. "मग काकांचं काय?"

थोरल्याने तराजूवर ताडपत्री ओढली आणि तिला गप्प बस म्हणाला.

*

माडीवरच्या खोलीत मिऱ्यांचा वास कायमचाच मुरलेला होता. पाहुणे तिथे येऊन शिंकत, घरच्यांना तो येतही नसे. दुपार कलली होती, अण्णा खाली अंगणात न्हाव्यापुढे बसले होते. तेवढ्यात काय ते ठरवायचं म्हणून थोरल्याने आईला आणि कार्यक्रमासाठी माहेरी आलेल्या मोठ्या बहिणीला बोलावलं आणि दार लावून घेतलं. बायकोला बोलावलं नव्हतं. ती आपणहून येऊन बसली.

त्याने सगळं सांगितलं. माई अण्णांच्या नव्या कोटाला बटण लावत होत्या. त्यांची सुई थांबली.

काकांचं नाव या घरात कुणी घेत नसे. अण्णा आणि त्यांचा धाकटा भाऊ, दोघांचं मिळून हे दुकान होतं. फरशी झाली त्याच वर्षी परगावच्या एका मोठ्या गिऱ्हाइकाने तक्रार केली की काकांनी भरलेली पोती हलकी आहेत. काही गिऱ्हाइकं सवयीनेच कुरकुरतात, तसाच तोही असावा. पण माल देवळात गेला, आणि पोत्यामागून पोतं कमी भरलं. काका शपथा घेत राहिले. अण्णांनी भर पेठेत सांगितलं की देवाचा काटा खोटं बोलत नाही, आणि सख्ख्या भावाला त्याच दिवशी दुकानाबाहेर काढलं. पेठेने काकांना नाव दिलं छटाक, आणि अण्णांना मान दिला. जो भावाचीही गय करत नाही, त्याच्या शब्दावर डोळे मिटून विसंबावं, असं लोक म्हणायला लागले. पुढे सगळे दुकानदार देवळाच्या काट्याला इतके भ्यायले, की पोतं शिवण्याआधी वर एक ओंजळ जादा टाकायची रीतच पडली. या पेठेत माल वजनाला भरघोस मिळतो अशी ख्याती झाली, लांबलांबची गिऱ्हाइकं यायला लागली, आणि आज इथे जी काही बरकत होती ती त्या ओंजळीतून आलेली होती.

थोरल्याने नेमका हाच मुद्दा धरला. नुकसान कुणाचं झालं ते सांगा, म्हणाला. गिऱ्हाइकाला जास्त मिळालं, दुकानदारांचा धंदा दुप्पट झाला, देवळं उभी राहिली. आज परगावचे सगळे मोठे व्यापारी पहिल्या रांगेत बसणार आहेत. त्यांच्यादेखत तराजू खोटा म्हणून सांगितलं, तर आजवर त्या काट्यावर हरलेला एकेक दुकानदार उद्या दारात उभा राहील, आणि त्यांना काय उत्तर देणार? कार्यक्रम पार पडू दे, मग लोहाराला बोलावून गुपचूप दांडी बदलून घेऊ. झाकली मूठ सव्वा लाखाची.

ताईला ते पटलं. तिचं सासर परगावचं, मिऱ्यांचं गिऱ्हाईक. उगाच सासरी चर्चा नको, असं ती म्हणाली.

"आणि काका?" सुनेने विचारलं. "चोर सोडून आपण संन्याशाला फाशी दिली. आता त्याच फाशीबद्दल अण्णांनी हार घालून घ्यायचे?"

थोरला चिडला. तू या घरात आलीस तेव्हा हे सगळं होऊन गेलं होतं, तुला काय ठाऊक, असं तो बोलून गेला. ती म्हणाली की म्हणूनच मला सरळ दिसतंय. थोडा वेळ दोघांचं सकाळचंच भांडण पुढे चालू राहिलं. मधेच ताई हळूच म्हणाली, "तिचं लग्न मोडलं होतं त्यामुळे." काकांची मुलगी तिच्याच वर्गात होती. दोघी एका बाकावर बसत. साखरपुडा झाला होता, आणि छटाकच्या घरातली मुलगी नको म्हणून मुलाकडच्यांनी निरोप पाठवला. नंतर ती लांब नोकरीला गेली आणि परत आली नाही. ताई तिला भेटायलाही गेली नव्हती, आणि आत्ता हे सांगताना तिला त्याची लाज वाटली. "सांगायला हवं," ती म्हणाली, आणि थोरला एकटा पडला.

"बरं, सांगू," तो घाईने म्हणाला. "पण आज नको. आज अण्णा पारड्यात बसतील. ते देवाकडे, म्हणजे काटा त्यांना हलकं दाखवणार. मी समोरची मिरी तेवढी कमी टाकतो. दांडी सरळ राहील, कुणाला पत्ता लागणार नाही."

माईंनी सुई कोटात टोचून ठेवली.

"आजवर आपण चुकलो ते न कळत," त्या म्हणाल्या. "आता जाणूनबुजून कमी तोलायचं का रे? तेही देवाला?"

थोरल्याने खिडकीकडे तोंड फिरवलं. त्याला आईचा राग आला होता, आणि ती बरोबर बोलतेय याचा त्याहून जास्त.

*

सांगणार कोण, हा प्रश्न होता. अण्णांचा रक्तदाब, त्यांचा स्वभाव, आजचा दिवस. मुलांनी एकमेकांकडे बघितलं आणि माई उठल्या.

जिना त्या भीतभीतच उतरल्या. ही भीती आजची नव्हती. दीर शपथा घेत होता तेव्हा त्या देवळात गर्दीत मागे उभ्या होत्या. हा पोरगा खोटं बोलत नाही, हे त्यांना त्याच्या तोंडाकडे बघूनच कळलं होतं. लग्न होऊन त्या घरात आल्या तेव्हा दीर शाळेत जात होता, त्याला त्यांनीच वाढवला म्हटलं तरी चालेल. पण समोर देवाचा काटा होता आणि देवाच्या काट्यापुढे भावजयीच्या मनाला कोण विचारतो? त्या गप्प बसल्या. मग आयुष्यभर एवढंच केलं, की घरातली सगळी बटणं, दोरे, नाड्या त्या दिराच्या दुकानातून आणत राहिल्या. कधी मोलकरणीला पाठवून, कधी स्वतः. अण्णांनी कधी विचारलं नाही. बहुतेक त्यांना ठाऊक असावं.

न्हावी सामान गुंडाळून निघाला होता. अण्णा आरशात गाल तपासत होते. माईंनी पाटावर बसून सगळं सांगितलं, आडपडदा न ठेवता, कारण घोळवून सांगायची ताकद त्यांच्यात उरली नव्हती.

अण्णा आधी पोत्यांवर घसरले. पोती चुकली असतील. यंत्र चुकलं असेल. हल्ली ती बटणं दाबायची यंत्रं, त्यांचं काय खरं आहे. मग सुनेवर, मग थोरल्यावर, तालीम करायला कुणी सांगितली होती म्हणून. माईंनी त्यांना ओरडू दिलं. लग्नाला साठ वर्षं होत आली होती, आणि हा माणूस ओरडतोय तोवर ठीक असतो, गप्प झाला की सांभाळायचं, एवढं त्यांना माहीत होतं.

अण्णा गप्प झाले.

"फरशी मीच दिली," बऱ्याच वेळाने ते म्हणाले. "लोक चिखलातून येतात, पाय भरतात म्हणून."

"अहो, चांगल्याच मनाने दिली."

"मन कुणी विचारलंय?" ते म्हणाले आणि उठून चपला शोधायला लागले. माईंनी कुठे जाताय विचारलं. त्यांनी उत्तर दिलं नाही. छातीत दुखतंय का, असंही विचारलं. ते म्हणाले, दुखत नाही, आणि माईंना वाटलं की दुखलं असतं तर बरं झालं असतं, निदान त्यांना घरात तरी ठेवता आलं असतं.

*

आवारात मांडव घालणाऱ्यांची आणि खुर्च्या लावणाऱ्यांची धांदल चालली होती. कुणी नमस्कार केला, कुणी पाया पडलं. अण्णांनी ताडपत्री बाजूला केली. मंडळाच्या पेटीतली दोन सारखी वजनं काढली. एक रस्त्याकडच्या पारड्यात ठेवलं. दुसरं हातात धरून ते थोडा वेळ नुसते उभे राहिले.

त्यांनी ते देवाकडच्या पारड्यात ठेवलं.

"अण्णा, तिकडे नाही," पुजारीबुवा लगबगीने आले. "वजन या बाजूला ना? तुमचाच नियम."

अण्णा वर चढलेल्या पारड्याकडे बघत होते. फार नाही, तळहाताच्या रुंदीएवढंच वर होतं ते. एवढंच अंतर. ते बुवांना हो म्हणाले, माझाच नियम, आणि आवारातून बाहेर पडले. बुवांनी घाईघाईने ते वजन उचलून जागेवर ठेवलं.

भावाचं दुकान पेठेच्या दुसऱ्या टोकाला होतं. चालत गेलं तर विडी संपेपर्यंत पोहोचावं असं, पण भावाला काढल्यापासून अण्णांचे पाय त्या टोकाला गेले नव्हते. काही आणायचं झालं तर ते मागच्या गल्लीने वळसा घालून जात. दुकानात बटणं, रिबिनी, लेस, सुया, दोऱ्याची रिळं. भाव नगावर नाहीतर हातावर मोजून. तागडी नावाची वस्तू त्या दुकानात नव्हती. ज्या माणसाने लहानपणापासून मिरी-वेलदोडा विकला, त्याने उरलेलं सगळं आयुष्य तोलावं लागणार नाही असाच माल विकला, हे अण्णांनी ऐकलं होतं. डोळ्यांनी आज बघितलं.

भाऊ एका गिऱ्हाइकाला रिबीन मापून देत होता. त्याने मान वर केली, खाली घातली, रिबीन पुरी मापली, गिऱ्हाइकाला दिली. केस सगळे पांढरे झाले होते.

"काय हवं?" त्याने विचारलं.

"तराजू खोटा आहे," अण्णा म्हणाले. "देवळातला. फरशी झाली तेव्हापासून. तुझी पोती बरोबर होती."

"ते मला माहीत होतं, दादा. मीच भरली होती."

अण्णा काउंटरला धरून उभे राहिले. बसायला स्टूल होतं, भावाने ते पुढे केलं नाही. अण्णांनी सांगितलं की संध्याकाळी सगळ्या पेठेसमोर मी हे बोलणार आहे, मंडळासमोर, परगावच्या लोकांसमोर, तुला दुकानात परत घेतल्याचंही तिथेच सांगतो, तू ये. वाटेत त्यांनी हे मनाशी जुळवलं होतं आणि तेव्हा ते पुष्कळ वाटलं होतं. इथे, त्या काउंटरसमोर, ते फारच थोडं वाटलं.

भावाने रिबिनीचं रीळ गुंडाळून फळीवर ठेवलं.

"पेठेला काय सांगायचं ते सांग," तो म्हणाला. "पेठेने नाव ठेवलं, मी ऐकून घेतलं. आता लोक त्या नावाने प्रेमाने हाक मारतात, माझंही काही अडत नाही. पण माझ्या मुलीलाही वाटतं."

"काय वाटतं?"

"की मी काढलं होतं. लग्न मोडलं त्या दिवशी तिने मला विचारलं, बाबा, खरं सांगा, थोडं तरी काढलं होतं का? मी नाही म्हणालो. तर ती म्हणाली, बरं. ते 'बरं' माझ्या कानातून जात नाही. फोन करते, पैसे पाठवते, औषधं घेतली का विचारते. पण घरी येत नाही. माझं तिला सांगून झालंय, दादा. माझ्या सांगण्याला वजन नाही. तू सांग."

त्याने फोन लावला आणि काउंटरवर अण्णांपुढे ठेवला. स्पीकर चालू होता.

"बोला, बाबा," पलीकडून आवाज आला.

अण्णांनी पेठेतले शेकडो तंटे आपल्या शब्दाने मिटवले होते. आज त्यांना शब्द सापडेना. मी अण्णा बोलतोय, एवढं ते कसंबसं म्हणाले. मग त्यांनी सांगितलं, दांडीचं, भोकाचं, शिशाचं, देवाकडच्या पारड्याचं, मधे मधे अडखळत. तुझ्या वडिलांनी एक दाणाही काढला नव्हता, असं दोनदा सांगितलं. मी विचार न करता बोललो, आणि माझ्या बोलण्याने तुझं वाटोळं झालं, हेही सांगितलं.

भाऊ दुकानाच्या आतल्या बाजूला तोंड करून उभा होता.

"हे फक्त मला सांगताय, अण्णा?" तिने विचारलं. आवाज शांत होता, आणि त्याचीच अण्णांना भीती वाटली. "तेव्हा तुम्ही सगळ्यांसमोर बोलला होतात. मी बाबांचा हात धरून तिथे उभी होते."

"आता थोड्याच वेळात सगळ्यांसमोर बोलणार आहे."

"मग मला ऐकायचंय. हा फोन ठेवू नका. बाबांच्या हातात द्या, ते घेऊन येतील."

"मी त्या आवारात पाय ठेवत नाही," भाऊ वळून म्हणाला. "तुला माहीत आहे."

"मग मला ऐकू कसं येणार, बाबा?" ती म्हणाली.

भाऊ फोनकडे बघत राहिला. मग त्याने तो उचलला आणि दुसऱ्या हाताने दुकानाचं शटर ओढायला लागला. ते अडकत होतं. अण्णांनी एका बाजूने हात लावला.

*

देवळात थोरल्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं. खुर्च्या भरल्या होत्या. परगावचे व्यापारी पहिल्या रांगेत बसून घड्याळाकडे बघत होते. मंडळाच्या चिटणिसाने माइक हातात घेऊन अण्णांच्या गुणांचं वर्णन सुरू केलं होतं, ते संपतच आलं होतं, आणि सत्कारमूर्तीचा पत्ता नव्हता. थोरल्याने ताईला घरी पाठवलं, माणसं चारी दिशांना पिटाळली. मिऱ्यांचं पोतं त्याने स्वतः उसवून त्यातली थोडी काढून ठेवली होती. हात धुतले तरी बोटांना वास येत होता. माई पुढच्या रांगेच्या कडेला बसल्या होत्या आणि त्याच्याकडे मुद्दाम बघत नव्हत्या.

"आमच्या पेठेचा हा जिवंत काटा," चिटणीस म्हणाला, आणि लोक मागे वळून बघायला लागले.

अण्णा दारातून येत होते. दाढी गुळगुळीत, पण अंगात घरातलाच सदरा, नवा कोट नाही, काही नाही. त्यांच्या शेजारी काका. काकांनी फोन दोन्ही हातांत, पुढे धरला होता. खुर्च्यांमधून छटाक, छटाक अशी कुजबुज पसरत गेली. काका फरशीच्या कडेला थांबले. मग त्यांनी पाऊल टाकलं.

थोरला धावतच पुढे झाला. त्याने अण्णांचा दंड धरला आणि हळू आवाजात, दात आवळून सांगितलं की विचार करा, उद्या हा बाजार उठेल.

"उठू दे," अण्णा म्हणाले. "पुन्हा बसवू. सोड."

त्याने सोडलं. त्याच्या बायकोने तोवर चिटणिसाच्या हातातून माइक काढून घेतला होता. कसा घेतला ते त्या बिचाऱ्यालाही कळलं नसावं. तिने तो अण्णांच्या हातात दिला आणि काकांना जवळ उभं केलं. पहिल्या रांगेतले लोक खुर्चीत पुढे सरकून बसले. अण्णांचे ओठ हलले, पण आवाज फुटला नाही. त्यांनी घसा खाकरला. पुन्हा तेच.

काकांचे हात इतके थरथरत होते की फोन आता पडतो की मग, असं झालं. थोरल्याला ते दिसलं. या माणसाने एके काळी त्याला खांद्यावर घेऊन पेठभर फिरवलं होतं आणि गेली कित्येक वर्षं तो त्यांच्या दुकानावरून मान वळवून जात आला होता. काय करतोय ते कळायच्या आत त्याने पुढे होऊन काकांचं मनगट खालून धरलं. फोन माइकच्या जवळ स्थिर झाला, आणि साऱ्या आवारात तिचा आवाज घुमला.

"ऐकू येतंय, अण्णा. बोला."